थोरलीच्या कॉलेजचा रस्ता

आमच्या थोरलीला बी.एस्सी.साठी फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा खराडीतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. विहारात उपासिकांनी तिचा सत्कार केला, वही-पेन दिले. गल्लीतून त्या कॉलेजात जाणारी ही पहिलीच मुलगी. आनंद महिनाभर टिकला. नंतर एका गुरुवारी ती रात्री सव्वानऊ वाजता घरी आली. फोन लागत नव्हता. विचारले तर म्हणाली, "एफ.सी. रोडला होतो, मैत्रिणी होत्या सोबत, बॅटरी संपली."

घरात शब्द वाढले. उद्यापासून साडेपाचला घरी, असा हुकूम सुटला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "प्रॅक्टिकलच पाचला सुटते, बाबा. साडेपाचला खराडीत कशी येऊ? आणि तुम्ही दोघांनी तो रस्ता कधी पाहिलाय तरी का?"

खरे सांगायचे तर पाहिला नव्हता. आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको. एक जण आयटी पार्कात हाऊसकीपिंगला, दुसरा तिथेच जवळ एका इमारतीच्या गेटवर वॉचमन. पुण्यात राहून पंचवीस वर्षे झाली. कामासाठी शिवाजीनगर पाहिले, दवाखान्यासाठी ससून पाहिले, पण एफ.सी. रोड बसच्या खिडकीतूनच. तिथे श्रीमंतांची पोरे फिरतात, सिगारेटी ओढतात, आपल्या मुलींचे तिथे काय काम, एवढीच आमची माहिती. ज्या रस्त्यावर बंदी घालायची तो आधी पाहावा तरी, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही निघालो. आम्ही दोघे, थोरली, धाकटा आणि शेजारच्या मावशी. मावशींना कोणी बोलावले नव्हते. त्या तयार होऊनच दारात उभ्या होत्या.

ज्यांना खराडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नगर रोडने कोरेगाव भीमाला जाताना चंदननगर लागते, त्याच्या उजव्या हाताला मुळा-मुठेपर्यंत पसरलेली ती खराडी. १९९७ साली गाव महापालिकेत आले. तेव्हा इथे शेते होती. आता इऑनसारखी आयटी पार्के आहेत, काचेचे मनोरे आहेत, आणि मनोऱ्यांच्या मागे आमच्यासारख्यांच्या चाळी व पत्र्याची घरे आहेत. दिवसा लाखभर पगाराचे लोक आणि आम्ही एकाच रस्त्याने कामाला जातो. संध्याकाळी ते गाडीत बसतात, आम्ही चालू लागतो. खरेदीची मोठी दुकाने, मॉल हेही आता जवळपास झाले. एका मॉलच्या दारात मागे आमची पिशवी दोनदा तपासली होती. पुढच्या माणसाची एकदाही नाही. धाकट्याने "आपलीच का?" असे विचारले, त्याला उत्तर देता आले नाही. त्यानंतर त्या मॉलला आम्ही गेलो नाही.

शेअर रिक्षाने रामवाडी गाठली. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत आली आहे, त्यामुळे थोरलीचे कॉलेज एका दमात जवळ आले. पूर्वी बसने नगर रोडच्या गर्दीत दीड तास कुठेच जात नव्हता. मेट्रोत बसल्यावर मावशी खिडकीला नाक लावून होत्या. येरवडा गेले, नदी गेली, स्टेशन गेले, सिव्हिल कोर्ट गेले. डेक्कनचे स्टेशन नदीच्या काठावर आहे. तिथे उतरून जंगली महाराज रस्ता ओलांडायचा आणि गुडलक चौकात यायचे. चौकातून कॉलेजकडे जो रस्ता जातो तो एफ.सी. रोड.

पाटीवर त्याचे नाव वेगळे आहे, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. ते नाव कोणी घेत नाही. रिक्षावाल्यालाही एफ.सी.च सांगावे लागते. कॉलेज १८८५ सालचे. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्याला दिले. आत दगडी इमारत, मोठमोठी झाडे, मागे हनुमान टेकडी. थोरलीने फाटकाबाहेरूनच आपली प्रयोगशाळा कुठे आहे ते बोट करून दाखवले. काही दिसले नाही, पण आम्ही दोघेही मान हलवीत राहिलो.

कॉलेजच्या आसऱ्याने हा सगळा बाजार वाढला. मुले आली, त्यांना भूक लागली, हॉटेले निघाली. मुलींना कमी पैशात कपडे हवे होते, पदपथावर हातगाड्या लागल्या. आता संध्याकाळी पाचनंतर ह्या रस्त्यावर चालायचे म्हणजे खांद्याला खांदा लागतो. कानातले, बांगड्या, कुर्त्या, जीनच्या पँटी, चपला, मोबाईलची कव्हरे, पर्सेस. डेक्कनजवळच हाँगकाँग लेन नावाची अरुंद गल्ली आहे, तिथेही हेच. नाव परदेशी, माल स्वस्त.

मावशींना इथे पंख फुटले. त्या मंडईत भाजी विकत आयुष्य काढलेल्या बाई, भाव करणे म्हणजे त्यांचा हातखंडा. एका कुर्तीला विक्रेत्याने साडेतीनशे सांगितले. मावशींनी कापड दोन बोटांत चोळले, शिवण उलटी करून पाहिली, "धुतल्यावर वीतभर आकसणार" असे जाहीर केले आणि दीडशे म्हणाल्या. तो हसला. त्या चालू लागल्या. दहा पावलांवर त्याने हाक मारली, "या मावशी, एकशे ऐंशी द्या." व्यवहार झाला. थोरली म्हणाली की मैत्रिणींबरोबर ती हीच कुर्ती अडीचशेला घेते. मावशींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की बी.एस्सी.चा सगळा अभ्यास वाया गेला!

खरेदीला येणाऱ्या भगिनींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या गाडीवर घेऊ नये, तोच माल चार गाड्या पुढे असतोच. आणि पर्स पाठीला नको, पोटाशी धरावी. गर्दी चोरालाही आवडते. रस्ता एकेरी आहे म्हणून एकाच बाजूला पाहून ओलांडू नये. उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला पुण्यात असतोच.

दोन तास हिंडलो. आमच्या अंगावर कामाचेच कपडे, पायात रबरी चपला. पण एकाही गाडीवाल्याने आम्हाला टाळले नाही. "या ताई, बघा तरी" हीच हाक सगळ्यांना. पिशवी कोणी तपासली नाही. पदपथावर जागोजागी बसायला बाके आहेत. त्यावर कॉलेजची मुले, पेन्शनर, पोराला दूध पाजणारी एक बाई, सगळे शेजारी शेजारी. धाकट्याला ह्याचे काही वाटले नाही. मोठ्यांना वाटले.

भूक लागली तेव्हा थोरली म्हणाली, वैशालीत जाऊ. वैशाली आणि रुपाली ही इथली जुनी उडुपी हॉटेले. त्यांचे मालक जगन्नाथ शेट्टी लहान वयात कर्नाटकातून घर सोडून आले, आधी कल्याणला राबले, मग पुण्यात आले आणि ही दोन्ही हॉटेले त्यांनी नावारूपाला आणली. २०२३ साली ते वारले तेव्हा कॉलेजच्या कितीतरी पिढ्या हळहळल्या. पण रविवारी वैशालीबाहेर नावे लिहून घेण्याची रांग असते. तासभर थांबा म्हणाले. आम्ही मागे फिरलो आणि चौकातल्या गुडलकमध्ये शिरलो. हे इराण्याचे हॉटेल १९३५ सालचे. बन मस्का आणि चहा सांगितला. पाच जणांत तीन बन पुरले, कारण मावशींनी बशीत चहा ओतून त्यात बुडवून खायला सगळ्यांना शिकवले.

तिथे बसल्यावर मावशी एकाएकी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या वडिलांचा कप गावच्या हॉटेलात बाहेर वळचणीला उलटा ठेवलेला असे. प्यायचा, स्वतः विसळायचा, परत उलटा ठेवायचा. वरून चहा ओतणारा कपाला हात लावीत नसे. शहरात आल्यावर वडील मुद्दाम इराण्याकडेच जात, कारण तिथे खुर्चीवर बसता येई आणि जात कोणी विचारीत नसे. ही गोष्ट थोरलीने कधी ऐकली नव्हती. तिने आपला कप सरळ आहे ना ते उगाचच पाहिले. आमच्या मनात आले, ह्या पोरीला मैत्रिणींबरोबर अशा टेबलाशी बसायला आवडते, ते आपण चैन समजत होतो.

पैशाचा प्रश्न आहेच. ते लपवत नाही. तिथल्या मोठ्या हॉटेलात दोघे जेवले तर आमचा आठवड्याचा भाजीपाला होतो. थोरलीचे म्हणणे, त्या पाच जणी एक प्लेट घेतात आणि तासभर बसतात. आम्हाला ते पटायला वेळ लागला, पण हॉटेलवाल्याला चालत असेल तर आपण कोण बोलणारे.

सहा वाजून गेले. दिवे लागले. आता खरी परीक्षा, म्हणून आम्ही मुद्दाम थांबलो. एका कानातलेवाल्या बाईंच्या गाडीशी मावशी हिरवे खडे न्याहाळीत होत्या. आम्ही बाईंना सरळच विचारले, "ताई, रात्री इथे पोरींना भीती असते का?" बाई म्हणाल्या, "दहापर्यंत आम्ही असतो ना. कोणी पोर एखादीच्या मागे लागलेला दिसला की आम्हाला आधी कळतं. ती पोरगी इथंच येऊन उभी राहते, कानातले बघितल्यासारखं करते. मी त्याच्याकडं बघत राहते. जातो निघून." हे सांगताना त्यांचे हात माल लावीतच होते. थोरली हळूच म्हणाली, "मी पण एकदा अशी उभी राहिले होते." हे तिने घरी सांगितले नव्हते. सांगितले असते तर कॉलेज बंद झाले असते, असे तिला वाटले. आम्हाला उत्तर सुचले नाही, कारण तिचे वाटणे चूक नव्हते.

अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या एक बाई होऊन गेल्या. बाबासाहेब शिकले त्याच कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काही वर्गांना हजेरी लावली, पदवी घेतली नाही. १९६१ साली त्यांनी शहरांवर एक पुस्तक लिहिले ते जगभर गाजले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रस्ता सुरक्षित राहतो तो आधी दुकानदार, फेरीवाले, खिडकीत बसलेली माणसे, येणारे-जाणारे यांच्या नजरेमुळे. पोलीस त्यानंतर. कानातलेवाल्या बाईंनी ते पुस्तक वाचलेले नसणार. पण ह्याच बाईंच्या गाडीवर अतिक्रमणवाल्यांची गाडी केव्हा येईल याचा नेम नसतो. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, तरी गाडी आली की माल गोळा करून पळावे लागते. पदपथ चालणाऱ्यांना मोकळा हवा हे खरेच आहे. पण सगळ्या गाड्या उठवल्या तर त्या मुलीने कुठे जाऊन उभे राहायचे, तेही कोणी सांगावे.

हा रस्ता निर्धोक आहे असे कोणी समजू नये. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा माणसे गेली. १ ऑगस्ट २०१२ रोजी शेजारच्याच जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक चार स्फोट झाले. ते कमी ताकदीचे होते म्हणून एकच माणूस जखमी झाला. बेवारस पिशवी, बेवारस सायकल दिसली तर दूर होऊन लगेच ११२ ला फोन करावा, हे मुलांना शिकवलेच पाहिजे. जून २०२४ मध्ये एफ.सी. रोडवरच्या एका बारमध्ये पहाटेपर्यंत चाललेल्या पार्टीची आणि अमली पदार्थ घेणाऱ्या पोरांची चित्रफीत बाहेर आली. अटका झाल्या, काही पोलीस निलंबित झाले. तेव्हा आमच्याकडे "बघा, म्हणत होतो ना!" असे सगळ्यांनी म्हटले. पण ती वेळ पहाटेची. गाड्या उठल्यावरचा, शटर पडल्यावरचा एफ.सी. रोड हा वेगळा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर थोरलीला जायचेच नाही. टेकडीवरही अंधार पडताना जाऊ नये, एकटीने तर नाहीच.

गर्दीही नेहमी धावून येते असे नाही. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीच्या मागे एक जण कोयता घेऊन धावला. बघणारे पुष्कळ होते. लेशपाल जवळगे हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण मध्ये पडला आणि कोयता धरला म्हणून ती वाचली. ही गोष्ट आम्ही परत येताना धाकट्याला सांगितली. मुलींना काय करू नये ते सगळेच सांगतात. मुलाने काय करायचे तेही त्याला सांगायला हवे होते. त्याचे वय तेरा आहे.

आणि पुण्याच्या रस्त्याने शिकायला जाणाऱ्या बाईला त्रास काही आज सुरू झालेला नाही. १८४८ साली सावित्रीबाई भिडेवाड्यातल्या शाळेत जात तेव्हा अंगावर शेण-दगड येत. त्यांनी शाळेत जाणे थांबवले नाही. विहारात दर वर्षी ३ जानेवारीला आम्ही हे ऐकतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी येऊन पोरीला साडेपाचची वेळ देतो!

आठ वाजता मेट्रोत बसलो. डब्यात उजेड, कॅमेरे, कामावरून परतणाऱ्या बाया. रामवाडीला उतरलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. शेअर रिक्षाने बायपासजवळ सोडले. तिथून आमची वस्ती पंधरा मिनिटे चालत.

हा रस्ता आम्ही रोज चालतो, पण त्या रात्री पहिल्यांदा पाहिला. एका बाजूला बांधकामाचे उंच पत्रे, दुसऱ्या बाजूला सोसायटीची कंपाउंडची भिंत. दुकान नाही, टपरी नाही, खिडकी नाही. आतल्या इमारतींत शेकडो दिवे, त्यातला एकही रस्त्यावर पडत नाही. चार खांबांपैकी दोन बंद. उभी केलेली टँकरची रांग, त्यांच्यामधून कोण येईल ते दिसत नाही. थोरली नकळत मावशींच्या मधे आली. एफ.सी. रोडवर तिने हात धरला नव्हता, इथे धरला.

खराडीकरांना २००९ सालची ती घटना आठवत असेल. ७ ऑक्टोबरच्या रात्री इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली तरुणी काम संपवून बायपासवर वाहनाची वाट पाहत उभी होती. गाडीतून सोडतो म्हणून तिला घेतले, अत्याचार केले आणि मारून टाकले. २०१७ साली न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. ती काही फिरायला गेली नव्हती, बाजारात नव्हती. कामावरून घरी निघाली होती. त्या बायपासवरून आम्ही हाऊसकीपिंगच्या बाया रोज रात्री साडेनऊला येतो. इतकी वर्षे आमची स्वतःची वेळ कोणी विचारली नाही, थोरलीची मात्र विचारली.

घरी पोहोचल्यावर कोणी जेवायला बसेना. मग ठरले ते असे. प्रॅक्टिकल असेल, वाचनालय असेल किंवा मैत्रिणींबरोबर चहा असेल, साडेआठपर्यंत तिने रामवाडीला उतरावे. निघताना एक फोन. बॅटरीची सबब चालणार नाही, त्यासाठी चार्जर दप्तरात. रामवाडीहून येणारी शेअर रिक्षा, त्यात आणखी एखादी बाई असेल तीच. बायपासला ज्याची त्या दिवशी ड्यूटी नसेल त्याने उभे राहायचे, आणि दोघांची असेल त्या दिवशी मावशींनी. मावशी म्हणाल्या, काठी घेऊन येते. बॅटरी आणा म्हटले तर म्हणाल्या, दोन्ही आणते.

दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय काढला. रात्री त्या रस्त्याने येणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बाया आणि मुली मोजल्या तर एकेचाळीस निघाल्या. बंद खांबांचे नंबर धाकट्याने वहीत उतरवून आणले होते. दिव्यांसाठी अर्ज केला, एकेचाळीस सह्या घेतल्या. त्यातल्या सहा अंगठे होते, त्या बायांना थोरली आता शनिवारी सही शिकवते. वस्तीच्या तोंडाशी एक भुर्जीची गाडी लावू द्यावी, म्हणजे अकरापर्यंत उजेड आणि माणूस राहील, असेही एका उपासिकेने सुचवले. त्यावर सोसायटीवाले काय म्हणतील यावरून अजून वाद चालू आहे. अर्जाला पोच मिळाली आहे, दिवा अजून लागलेला नाही. दर सोमवारी दोघी जणी विचारायला जातात.

मावशींनी ते हिरवे कानातले त्या दिवशी घेतले नव्हते. बाई एकशे वीसवर अडून बसल्या आणि मावशी ऐंशीवर. आता त्यांचे म्हणणे आहे की शंभरला जमेल, पगार झाला की पुन्हा चला.